पाहुणे मूत्रपिंड आणि औषधाची पातळी

बीडची खजाना बावडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकातील ही विहीर तिच्या पाण्याच्या पातळीसाठी प्रसिद्ध आहे. विहिरीत जेवढे पाणी येते तेवढेच बाहेर गेले, तर पातळी हलत नाही. भौतिकीत याला स्थिर अवस्था म्हणतात. हा साधा नियम वापरून आज आपण वैद्यकातील एक कोडे सोडवू या.

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी नष्ट करतो. जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या टोळीच्या या जणू मुकादम. मुकादमच नाहीसे झाले, तर टोळीला काम कोण सांगणार? मग साधा जंतूही भारी पडतो.

आता समजा, अशा माणसाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिसवर काही काळ निभावते. पण दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवणे हा अधिक चांगला उपाय. मात्र शरीरातील पहारेकऱ्यांना हा पाहुणा शत्रूच वाटतो. म्हणून रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. म्हणजे आधीच दुबळ्या झालेल्या पहाऱ्याला आणखी दाबायचे! याच भीतीने पूर्वी अशा रुग्णांना रोपण नाकारले जाई.

हे चित्र १९९६ च्या सुमारास पालटू लागले. विषाणूला रोखणारी तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली. तीनच का? विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. एखाद्या चुकीमुळे तो एका औषधाला चुकवूही शकतो. पण तिन्ही औषधांना एकदम चुकवणे फार अवघड. या उपचाराला एआरटी म्हणतात. त्याने विषाणू समूळ जात नाही, काही पेशींत दडून राहतो. पण रक्तात तो चाचणीलाही सापडेनासा होतो आणि मुकादम पेशी पुन्हा वाढतात. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला.

मग रोपण जमले का? अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्या १५० जणांवर मूत्रपिंड रोपण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर सुमारे ८८ टक्के रुग्ण हयात होते. पण एक आश्चर्य दिसले. दुबळी प्रतिकारशक्ती पाहुण्याला मुकाट्याने स्वीकारील असे वाटले होते. प्रत्यक्षात शरीराने मूत्रपिंडावर हल्ला करण्याचे प्रमाण अपेक्षेच्या दोन ते तीन पट निघाले!

याच्या कारणांपैकी एक समजण्यासाठी बावडीकडे परत जाऊ. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. गोळीवाटे ते रक्तात येते. यकृतातील एक विकर त्याचे विघटन करून ते बाहेर काढते. हा झाला पाट. रिटोनाविर हे एचआयव्हीवरील उपचारातील औषध नेमका हा पाट बुजवते. टॅक्रोलिमसची पातळी चढते आणि नव्या मूत्रपिंडालाच इजा होते. म्हणून एरवी रोज दोनदा द्यायचे हे औषध मग आठवड्यातून एकदा, अर्धा-एक मिलिग्रॅम इतके कमी करावे लागते. उलट एफाविरेंझ पाट रुंद करते. पातळी उतरते आणि पहारेकरी पाहुण्यावर तुटून पडतात. डोल्युटेग्राविर हे नंतरचे औषध या पाटाच्या वाटेला जवळजवळ जात नाही. त्यामुळे डॉक्टरांचे काम सोपे झाले. तरीही रक्त तपासून पातळी मोजत राहावीच लागते.

पातळी टिकायची तर आवकही नियमित हवी. आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला परजिल्ह्यांत जातात. त्यांपैकी एखाद्याच्या एआरटीच्या गोळ्या वाटेत संपल्या तर? औषधाची पातळी खाली येते, विषाणू पुन्हा नकला काढू लागतो आणि औषधाला न जुमानणारे विषाणू शिल्लक राहतात. म्हणून निघण्यापूर्वीच पुढील गोळ्यांची सोय केंद्रातून करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. एचआयव्ही शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. २०१७ च्या कायद्याने, केवळ एचआयव्ही आहे म्हणून कोणाला उपचार किंवा शाळेतील प्रवेश नाकारण्यास बंदी केली आहे. औषधाची पातळी डॉक्टर सांभाळतील. पण शेजारच्या बाकावरची जागा रिकामी राहू न देणे हे काम तुमचे आहे.