डब्यात पूर्वी काय होते?

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला की कोपऱ्यातून एखादा जुना डबा निघतोच. रंग उडालेला, पोचे पडलेला, पण पत्रा कसा खणखणीत! घरातील बाई म्हणतात, डाळ भरायला होईल. होईलही. पण आधी त्यात पूर्वी काय होते, ते ओळखू या.

प्रथम डब्याचे तोंड पाहावे. तोंड रुंद आणि झाकण वरून बसणारे असेल, तर बहुधा बिस्किटे किंवा चहा. झाकण आत दाबून बसणारे, चमच्याच्या दांड्याने उचकटायचे असेल, तर कोको किंवा दुधाची भुकटी. पण थांबा! रंगाच्या डब्याचे झाकणही असेच असते. चौकोनी 4 गॅलनी, म्हणजे सुमारे 18 लिटरचा डबा तर त्याहून फसवा. त्यातून रॉकेल आले, गोडे तेलही आले आणि रिकामा झाल्यावर आडवा दांडा ठोकून आपण त्यातूनच पाणी वाहिले.

म्हणून मग अक्षरे शोधायची. रंग गेला तरी बुडावर किंवा झाकणावर उठावाची अक्षरे असली तर ती टिकून राहतात. गुरुजी, नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा खेळ मुलांना येतोच. तोच इथे करून घ्या. पौंड, औंस दिसले तर आपल्याकडचा डबा बहुधा दशमान वजने रुळण्यापूर्वीचा; ती वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो 1972 नंतरचा. पिवळ्या पत्र्यावर झाडाची हिरवी खूण उरली असेल तर वडीलधाऱ्यांना विचारायला नको, तो डालडा! हे वनस्पती तूप 1937 साली बाजारात आले.

आता एक खूण मात्र नीट ध्यानात ठेवा, बरं का. टोकावर उभा केलेला चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा, ही कीटकनाशकाची खूण. हिरवा रंग पाहून निर्धास्त होऊ नका. तिथे हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्विष नव्हे. 2013 च्या जुलैत बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेचे दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले.

तुम्ही म्हणाल, वास घेऊन कळणार नाही का? नाही. धुतलेल्या डब्याला वास नसतो, विष मात्र सांध्यात राहू शकते. शिवाय अशा डब्यात नाक घालणेच धोक्याचे.

आणि डबा तुपाचाच निघाला तरी त्याची उभी शिवण पाहा. जाड, करडा डाख दिसला तर त्यात बहुधा शिसे असते. चिंच, लोणचे, ताक असल्या आंबट पदार्थांत ते उतरते. अशा डब्यात खिळे-मोळे ठेवावेत.

ज्याचा उलगडाच झाला नाही, तो भंगारात देताना झाकण काढून बुडाला दोन भोके पाडून द्या, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकघरात जायचा नाही.