उन्हाळ्यात माणसाची पाणीपाळी



या पानावर आम्ही एरवी खोडव्याचं खत, पाचटाची कुट्टी आणि खोडकीड यांविषयी लिहितो. या खेपेला फडात राबणाऱ्या माणसाविषयी लिहीत आहे, आणि त्याला कारण मीच आहे.

गेल्या मे महिन्यात गटातले प्लॉट पाहायला सकाळी आठला निघालो. पाच वस्त्या झाल्या, पाच कप चहा झाला. कुणी पाणी विचारलं तर "आत्ताच घेतलं" म्हणालो. दुपारी एकच्या सुमारास एका आडसाली प्लॉटमध्ये आठ-दहा सऱ्या आत गेलो आणि पायांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी आली. बांधापर्यंत कसा आलो ते आठवत नाही. त्या वस्तीवरच्या आजींनी सावलीत निजवलं, ओलं फडकं मानेवर टाकलं, मीठ घातलेलं पातळ ताक थोडं थोडं पाजलं, नंतर काकडी चिरून पुढं ठेवली. म्हणाल्या, "साहेब, उसाला ताण पडू देऊ नका म्हणून सांगता, अन् स्वतःला?" उत्तर नव्हतं.

दुपारी उसाची पानं गुंडाळलेली दिसली की आपण ओळखतो, रानाला पाणी हवं. पण पान गुंडाळेपर्यंत वाढ थांबायला सुरुवात झालेली असते. माणसाची तहान तशीच उशिरा सांगते. तिच्याआधी लघवी सांगते. ती पिवळी जर्द आणि थोडी होऊ लागली, म्हणजे पाळी चुकली समजावं.

घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. नुसता गळून गेला तर पाणी जातं आणि गारवाही मिळत नाही. मोठ्या आडसालीत वारा शिरत नाही, हवा दमट असते, म्हणून तिथं बाहेरच्यापेक्षा लवकर जीव घाबरा होतो. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी 14 माणसं दगावली. तिथं पारा 38 अंशांच्या आसपास होता. आपल्या जिल्ह्यात 40-41 अंश तर दरसालचे. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

आता खाण्याचं. काकडीत शंभरात 95 भाग पाणी असतं. दुधी आणि टोमॅटो जवळपास तेवढेच. कलिंगडात 91-92, खरबुजात 90, संत्र्या-मोसंबीत आणि कांद्यात 87 च्या आसपास. किलोभर कलिंगडाचा गर खाल्ला तर तांब्याभर पाणी पोटात गेलं, आणि तेही सावकाश, म्हणजे मोकाट पाणी न सोडता ठिबकनं दिल्यासारखं. शिवाय त्यात पालाश असतं. ताण पडलेल्या उसावर आपण युरियाबरोबर पोटॅश फवारतो, ते आठवावं.

वाळूक आणि शेंदाड ही बाजरीच्या रानातली, पावसाळ्याची चीज. उन्हाळ्यात भिस्त काकडीवर. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी आणि फुले शुभांगी ही काकडीची वाणं आहेत. घरापुरते चार वेल पाटाच्या कडेला लावले तरी पुरे. मात्र उसात ॲट्राझीन मारलं असेल तर त्या सऱ्यांत काकडी-कलिंगड लावू नये, उगवून जळतं. शेजारी टू-फोर-डी मारलं तरी वेल आखडतात. फवारलेल्या रानातलं तोडून तसंच तोंडात टाकू नये, हे सांगायला नकोच, पण सांगतो.

कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही, असं आपल्याकडं पुष्कळ जण मानतात. खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. तो फोडून भाकरीबरोबर खावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. फळांवर भिस्त ठेवून पाणी सोडू नये. माणसाच्या रोजच्या पाण्यातला साधारण पाचवा हिस्साच जेवणातून येतो. उन्हात जड काम करताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, तो काकडीनं भरून निघत नाही. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान असो वा नसो. घामातून मीठही जातं, म्हणून ताक, आंबील, कैरीचं पन्हं यांत मीठ हवंच.

आपल्याच मालाविरुद्ध बोलतो असं वाटेल, पण रसवंतीच्या रसाचं गणित पाहा. पक्क्या उसाचा ब्रिक्स 18 धरला तर 200 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 36 ग्रॅम गोडी, म्हणजे सात चमचे साखर. तहान भागवायला ही फार झाली. रस प्यावा, पण त्यात लिंबू आणि मीठ घालावं आणि वर तेवढंच पाणी प्यावं. मधुमेह असेल तर टाळावाच.

साखरेचा खरा उपयोग थोडक्यात आहे. साखर आणि मीठ ठरल्या मापात असली की आतडं पाणी झटकन ओढून घेतं. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर हजारो माणसं वाचवली. माप असं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजानं मीठ वाढवू नये. तयार पाकिटं आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी पाणी, मीठ आणि ही फळं यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

खुरपणी आणि बांधणीची कामं सकाळी अकराच्या आत उरकावीत आणि आडसालीत एकट्यानं शिरू नये. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसावा इतकं तापलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. मग ताक-काकडीची वेळ गेली. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जातं. सावलीत आणून कपडे सैल करावेत, मोटारीचं पाणी अंगभर ओतत राहावं, वारा घालावा, आणि लगेच 108 नंबरला फोन करावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नये.

— ऊस विकास अधिकारी