मिनिटाला १९ लाख डॉलर

१ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. आदल्या वर्षी तिघांचा आपसातला व्यापार होता सुमारे २९ हजार कोटी डॉलरचा. २०१६ पर्यंत तो वर्षाला १ लाख कोटींच्या पुढे गेला. एकावर बारा शून्यं. वर्षातल्या मिनिटांनी भागलं, तर मिनिटाला १९ लाख डॉलर. रात्र नाही, रविवार नाही. टेक्सासच्या एकट्या लारेडोतून २०२३ मध्ये मेक्सिकोहून उत्तरेकडे सुमारे २९ लाख ट्रक आले. सरासरी अकरा सेकंदांना एक.

आकडा खरा, पण फुगीर. थोडी फूग महागाईची. बाकीची जास्त गमतीची आहे. मोटारीचा एखादा सुटा भाग गाडीत बसेपर्यंत सात-आठ वेळा हद्द ओलांडतो. ओतकाम इकडे, कातकाम तिकडे, जुळणी पुन्हा इकडे. जकात शून्य असल्यावर फक्त ट्रकभाडं बघायचं. समजा, १० डॉलरचा भाग निघाला आणि पुढच्या दर खेपेला त्यावर १० डॉलरचं काम चढलं. आठ खेपांनंतर दप्तरात ३६० डॉलरचा व्यापार झालेला असतो. वस्तू मात्र ८० डॉलरची.

तरीही अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २००३ मध्ये काढलेला हिशेब वाचून दचकायला होतं. करारामुळे अमेरिकेच्या वार्षिक उत्पन्नात भर किती? काही शे कोटी डॉलर, म्हणजे एका टक्क्याचे काही शतांश. एवढ्यासाठी राजकारण्यांनी घसे कोरडे केले, दोन्ही बाजूंनी!

मेक्सिकोच्या शेतात मात्र शतांश नव्हते. मक्यावरचं संरक्षण २००८ पर्यंत पूर्ण उठायचं होतं. सरकारने ते त्याआधीच ढिलं सोडलं आणि अमेरिकेचा अनुदानित मका शिरला. १९९३ अखेर शेतीवर ८१ लाख लोकांचा रोजगार होता, २००२ अखेर ६८ लाखांचा. सगळं खापर करारावर फोडणं बरोबर नाही, डिसेंबर १९९४ मध्ये पेसोही कोसळला होता. तरी तेरा लाख माणसं म्हणजे तेरा लाख माणसंच.

२०२० मध्ये नाफ्टा गेला, त्याच्या जागी यूएसएमसीए करार आला. आता जकात माफ हवी तर मोटारीचा ७५ टक्के ऐवज या तीन देशांतला हवा, पूर्वी ६२.५ चालायचा. शिवाय ४० टक्के ऐवज तासाला सरासरी किमान १६ डॉलर मजुरीच्या कारखान्यातला. मेक्सिकोत एवढी मजुरी कोण देतो? मोटारींवर अमेरिकेची साधी जकात तेव्हा अवघी २.५ टक्के होती. काही कंपन्यांनी कागदपत्रांची कटकट टाळून ती सरळ भरून टाकली. पिकअप ट्रकवाल्यांना ही चैन परवडणारी नव्हती. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ मध्ये ट्रकवर लादलेली २५ टक्के जकात अजून कायम होती.