मोमो राजाचे फर्मान

वर्षातून चार दिवस गोव्याच्या राजधानीत, पणजीत, एक गमतीदार राजा राज्य करतो. त्याचे नाव मोमो. त्याच्याजवळ फौज नाही, खजिना नाही. डोक्यावर चमकता मुकुट, अंगावर रंगीत झगा आणि चेहऱ्यावर हसू, एवढाच त्याचा थाट! शनिवारी तो सजवलेल्या रथातून येतो आणि फर्मान काढतो, की या दिवसांत सर्वांनी खावे, प्यावे, नाचावे. कोणीही तोंड पाडून बसू नये. ‘फर्मान’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. कार्निव्हलही असाच बाहेरून आला आणि गोव्याचा झाला.

ख्रिस्ती लोक ईस्टरच्या सणापूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. या काळात खाण्यापिण्यावर संयम ठेवायचा, चैन टाळायची आणि प्रार्थना व दानधर्म करायचा. हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याआधीचे चार दिवस म्हणजे कार्निव्हल. रमजानचा महिना चंद्रावर ठरतो, हे तुम्हांला माहीत आहे. ईस्टरही चंद्रावरच ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, तो ईस्टर. फरक इतकाच, की रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. ईस्टरची सांगड सूर्याच्या गणिताशीही घातलेली असल्यामुळे तो मार्च-एप्रिल सोडून जात नाही. म्हणून कार्निव्हल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो.

पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा जिंकला आणि १९६१ पर्यंत तिथे राज्य केले. त्यांच्याबरोबर हा उत्सव आला. कोकणीत त्याला ‘इंत्रुज’ म्हणतात. तेव्हा मिरवणूक वगैरे काही नव्हती. लोक मुखवटे घालून हिंडत, एकमेकांवर रंग आणि पिठाच्या पुड्या फेकत. मुखवट्याआड कोण आहे, मालक की नोकर, हे कळत नसे. त्यामुळे एरवी जे बोलता येत नाही ते बोलून घेता येई. साष्टी तालुक्यातल्या गावांत ‘खेळ’ करणारी मंडळी वाड्यावाड्यांतून फिरत, अंगणात गाणी म्हणत आणि गावातल्या बड्या लोकांची भर चौकात थट्टा करत. चांदर गावात मुसळे जमिनीवर आपटत नाचायची जुनी प्रथा आहे. तिथले लोक ख्रिस्ती झाले, पण हा नाच त्याहून जुना, कदंब राजांच्या काळाशी नाते सांगणारा आहे. मला स्वतःला पणजीच्या झगमगाटापेक्षा हा मुसळांचा नाचच अधिक मोलाचा वाटतो.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस शहरातला कार्निव्हल मंदावला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मग १९६५ साली पणजीत चित्ररथांची मिरवणूक निघाली आणि तिमोतेव फर्नांडिस हे मोमो राजा झाले. पुढे सरकारच्या पर्यटन खात्याने या उत्सवाला आपलेसे केले. पणजीनंतर मडगाव, वास्को, म्हापसा या शहरांतही मिरवणुका निघू लागल्या.

सरकारी मान्यता म्हणजे नेमके काय? शासन त्यासाठी पैसा मंजूर करते. पोलीस रस्ते मोकळे करून देतात. उत्तम चित्ररथांना बक्षिसे मिळतात. उत्सवाची जाहिरात होते, पाहुणे येतात, हॉटेलवाल्यांचा आणि टॅक्सीवाल्यांचा धंदा चालतो. महाराष्ट्रातही असे घडले आहे. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला आणि २०२५ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा.

पण मान्यतेची किंमतही असते. चित्ररथांवर कंपन्यांच्या जाहिराती चढल्या. पूर्वी सगळेच खेळणारे होते. आता थोडे लोक रथावर नाचतात आणि बाकीचे कठड्याआडून बघतात. बायकांना जाहिरातीसारखे नाचवले जाते, अशी तक्रार झाली. गोव्यातल्या चर्चनेही सांगितले, की हा सोहळा धार्मिक नाही आणि त्याच्या बाजारी रूपाशी आमचा संबंध नाही. शिवाय सरकारच्या पैशाने चालणाऱ्या मिरवणुकीत सरकारची थट्टा कोण करणार? ती थट्टा अजून ऐकायची असेल, तर गावातल्या खेळांकडेच जावे लागते.

दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशाच्या किनाऱ्यावर बारांकिया नावाचे शहर आहे. तिथलाही कार्निव्हल चार दिवसांचा असतो. २००१ साली कोलंबियाच्या संसदेने त्याला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा ठरवले. २००३ मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला आणि २००८ साली तो मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. या यादीत कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ पासून आहे. गोव्याचा कार्निव्हल नाही. यादीत नाव येणे म्हणजे नुसते पदक नव्हे. ती परंपरा जिवंत राखण्यासाठी काय केले, याचा अहवाल त्या देशाला वेळोवेळी द्यावा लागतो. त्यात केवळ मिरवणूक मोजली जात नाही. नाच, वाद्ये, मुखवटे मुलांना शिकवले जातात का, हेही विचारले जाते.

बारांकियात शेवटच्या दिवशी ‘होसेलितो’ नावाच्या पात्राची खोटी प्रेतयात्रा काढतात आणि लोक हसत हसत रडतात. पणजीत मंगळवारी रात्री क्लब नॅशनलमध्ये लाल आणि काळ्या कपड्यांतला नाच होतो. बुधवारी चर्चमध्ये पाद्री लोकांच्या कपाळावर राख लावतात. तोवर मोमोचे राज्य संपलेले असते.