उरलेल्या उबेचं दही

स्लो कुकरचं दही म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र रात्रभर मंद चालू ठेवायचं असणार. तसं केलं तर विरजणातले जिवाणू उष्णतेने मरतील आणि दही लागणारच नाही. या यंत्रात दही लागतं ते बटण बंद केल्यावर, जाड चिनी मातीच्या भांड्यात उरलेल्या उबेवर.

त्या उबेशी या यंत्राचं नातं जुनंच आहे. शिकागोचे संशोधक आयर्विंग नॅक्सन यांना त्यांच्या आईने लिथुआनियातल्या व्हिल्ना गावची रीत सांगितली होती. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत. म्हणून मांस आणि कडधान्याचं ‘चोलेंट’ भांड्यात घालून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी बेकरीत नेऊन द्यायचं; भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजे. नॅक्सन यांनी ही धग विजेवर आणली. १९३६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मिळालं. १९७० साली रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आलं. आपल्याकडे चुलीच्या वैलावर दुधाचं पातेलं तासन्‌तास राहायचं आणि भाकरीसारखी साय धरायची, ती करामतही अशाच धगीची.

अमेरिकेतल्या मराठी घरांना दह्याची अडचण येते ती हिवाळ्यात. घरात हीटर असला तरी ओट्यावर वीसएक अंशच असतात आणि विरजण लावलेलं दूध दुसऱ्या दिवशीही दूधच असतं. मग कुणी ओव्हनमधला दिवा लावून आत पातेलं ठेवतं, कुणी ते शालीत गुंडाळतं. स्लो कुकरचा फायदा हा, की दूध तापवणं आणि दही लावणं एकाच भांड्यात होतं.

अर्धा गॅलन, म्हणजे दोन लिटरला जरा कमी, सायीसकटचं दूध घ्यावं. झाकण ठेवून ‘लो’वर साधारण अडीच तास तापवावं. घड्याळापेक्षा तापमापकावर भरवसा ठेवावा, कारण प्रत्येक कुकरची धग वेगळी. दूध ८२ ते ८५ अंश सेल्सियसवर गेलं पाहिजे. पिशवीतलं किंवा कॅनमधलं दूध आधीच पाश्चराइज केलेलं असतं, मग पुन्हा तापवायचं कशाला? दाटपणासाठी. एवढ्या तापमानाला दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उलगडतं आणि केसिनच्या कणांना चिकटतं. पुढे आम्लता वाढून सामू ४.६च्या जवळ आला, की केसिनचं जाळं विणलं जातं, आणि या चिकटलेल्या प्रथिनामुळे ते पाणी धरून ठेवतं. नुसत्या कोमट केलेल्या दुधाचं दही म्हणूनच पाणी सोडतं. गॅसवर एवढं तापवायचं तर उभं राहून ढवळावं लागतं. इथे दूध तळाला लागत नाही.

आता कुकर बंद करून तीनेक तास थांबायचं. दूध ४३ अंशांच्या आसपास उतरलं, की अर्धी वाटी दही थोड्या दुधात मोडून सगळ्यात मिसळायचं. झाकण लावून भांड्याला दोन जाड टॉवेल गुंडाळायचे आणि आठ ते बारा तास हात लावायचा नाही. कुकर ‘वॉर्म’वर ठेवायचा मोह मात्र आवरावा, ती ऊब साठ अंशांच्या वर जाते आणि तिथे विरजण जगत नाही.

पण ४३ अंशच का? फोनवर आई सांगते, ‘अगं, करंगळी बुडवून बघ, कोमट लागलं की विरजण घाल.’ तिच्या विरजणासाठी ते बरोबरच आहे. आपल्या घरगुती दह्यात लॅक्टोकॉकससारखे जिवाणू असतात आणि ते पंचवीस-तीस अंशांतही खुशीत वाढतात. अमेरिकेत योगर्ट म्हणून विकायच्या दह्यात मात्र लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे दोन जिवाणू असावेच लागतात. त्यातला पहिला वैद्यकाचे बल्गेरियन विद्यार्थी स्टॅमेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली जिनिव्हात शोधला. या दोघांना चाळीस ते पंचेचाळीस अंश हवेत, म्हणजे करंगळीला कोमट नव्हे, गरमच लागलं पाहिजे. डब्यातलं दही विरजण म्हणून वापरायचं असेल, तर जिवंत जिवाणू असल्याचा उल्लेख वाचून घ्यावा. साखर, फळं किंवा जिलेटिन घातलेलं नको.

दाट व्हावं म्हणून काही जण दुधात दूधपावडर घालतात. दही घट्ट होतं हे खरं, पण एक पिठूळ गोडी मागे राहते. मला ती आवडत नाही. दाटच हवं असेल, तर फडक्यात बांधून टांगावं. दोन-तीन तासांत दुकानातल्या ग्रीक योगर्टएवढं घट्ट होतं. रात्रभर फ्रिजमध्ये निथळू दिलं, तर श्रीखंडाजोगा चक्का. खाली साठलेलं पाणी थालीपिठाची भाजणी भिजवायला घ्यावं. आंबटपणा मुरतो आणि थालीपीठ खुसखुशीत होतं.

दही लागल्या लागल्या पुढच्या खेपेचं विरजण वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवावं आणि आठवड्याच्या आत वापरावं. बऱ्याच खेपांनंतर दोन जिवाणूंचा तोल ढळतो, दही अदमुरं राहतं किंवा त्याला तार सुटते. तेव्हा नवा डबा आणणं सोपं. आता इन्स्टंट पॉटच्या काही मॉडेलांवर योगर्टचं बटणच आहे. ज्यांच्या घरी तो आहे त्यांना टॉवेलांची गरज नाही. मात्र अमेरिकेतला कुकर पुण्याला घेऊन यायचा बेत असेल, तर तो १२० व्होल्टचा असतो हे ध्यानात ठेवावं. इथल्या २३० व्होल्टवर तो थेट लावता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये इथे त्याचं कामही नाही.