दुर्बीण, तिपाई आणि दोन सुती आटे

देवळा, चांदवड, सटाणा, कळवण या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व शेतीची अवजारे दुरुस्त करणारी छोटी वर्कशॉप गावोगाव दिसतात. लेथ, ड्रिल आणि टॅपचा सेट असलेल्या अशा कारागीर बांधवांना जमेल असे एक लहानसे काम आज आम्ही सांगत आहोत. ते म्हणजे दुर्बीण तिपाईवर, अर्थात ट्रायपॉडवर, बसवण्याचा काटकोनी पाटा.

गिऱ्हाईक कोण, हे आधी पाहू. देवळ्याहून चांदवड-लासलगावमार्गे निफाड तालुक्यात गेले की नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य लागते. राज्यातील हे पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात तेथे पक्षी पाहणारे दुर्बिणी घेऊन येतात. इकडे साल्हेर, धोडपचे डोंगर पाहणारे आहेत. हात थरथरणारे वयस्कर लोक आहेत. ईदचा चंद्र शोधणारेही आहेत.

दुर्बीण कशी असते?

पुढचे मोठे भिंग वस्तूचे चित्र उलटे पाडते. ते सुलटे करण्यासाठी आत काचेचे लोलक बसवलेले असतात. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली अशा लोलकांच्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे १८९४ साली जर्मनीच्या झाइस कारखान्याने त्यावर आधारलेल्या दुर्बिणी बाजारात आणल्या. या पद्धतीत नळ्या मध्येच सरकल्यासारख्या, रुंद दिसतात. दुसऱ्या पद्धतीत नळ्या सरळ व सुटसुटीत असतात.

दुर्बिणीवर १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. व्यासाला पटीने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा आकार मिळतो. येथे ५ मि.मी.

दुकानदारांनी हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण स्वस्त मालावर खोटे आकडे सर्रास छापलेले असतात. दुर्बीण हातभर लांब, उजळ आकाशाकडे धरावी. डोळ्याच्या भिंगात पांढरा ठिपका दिसतो. तो पट्टीने मोजावा. वर २०×५० छापले असेल आणि ठिपका ५ मि.मी. भरला, तर माल वीस पटीचा नसून दहा पटीचाच आहे. एकाच वस्तूची दोन चित्रे दिसत असतील तर दोन्ही नळ्यांची दिशा जुळलेली नाही; असा माल घेऊ नये.

तिपाई कशासाठी?

दहा पट मोठे दिसते तेव्हा हाताचे हलणेही दहा पट दिसते. म्हणून साधारण दहा पटीपर्यंतच दुर्बीण हातात धरून पाहता येते. त्यापुढे आधार हवाच. आठ-दहा पटीच्या दुर्बिणीलाही आधार दिला तर पूर्वी न दिसलेले बारकावे दिसू लागतात.

बऱ्याच दुर्बिणींत मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक टोपण असते. ते फिरवून काढले की आत आट्यांचे भोक दिसते. येथेच खरी मेख आहे. हे आटे, आणि तिपाईच्या बोल्टचेही, सहसा पाव इंची असतात; म्हणजे आपल्या भाषेत दोन सूत, इंचात २० आटे. बाजारात सहज मिळणारा ६ मि.मी.चा बोल्ट जवळपास तसाच दिसतो. पण त्याच्या दोन आट्यांतील अंतर १ मि.मी., तर पाव इंचीचे १.२७ मि.मी. तो दोन-तीन आटे आत जातो आणि अडकतो. पाना लावून जोर दिला की दुर्बिणीचे आटे मेले. शे-दोनशेच्या कामापायी गिऱ्हाइकाची हजारोंची वस्तू आणि आपले नाव, दोन्ही जाते.

पाटा कसा करावा?

५-६ मि.मी. जाड ॲल्युमिनियमचा पाटा इंग्रजी एल आकाराचा करावा. उभी बाजू दोन नळ्यांच्या मध्ये जाईल इतकी अरुंद हवी. त्यासाठी दुर्बीण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जुळवूनच माप घ्यावे. उंची इतकी ठेवावी की नळ्या तिपाईच्या डोक्याला टेकणार नाहीत. आडवी बाजू दुर्बिणीच्या खाली, डोळ्यांच्या दिशेने यावी. म्हणजे वजन तिपाईच्या मध्यावर पडते.

वरचे भोक ६.५ मि.मी.चे, मोकळे. त्यातून मुठीचा पाव इंची बोल्ट दुर्बिणीत जातो. खालचे भोक ५.१ मि.मी.च्या ड्रिलने पाडून पाव इंच-२० चा टॅप मारावा. वरचा बोल्ट किती लांब ठेवायचा, हे दुर्बिणीच्या भोकात काडी घालून खोली मोजूनच ठरवावे. लांब बोल्ट तळाशी टेकून बिजागरी बिघडवतो. कडा कानशीने मोडाव्यात आणि दुर्बिणीला टेकणाऱ्या जागी रबरी वायसर घालावा.

काही दुर्बिणींना भोक नसतेच. तेथे बिजागरीत ड्रिल मुळीच घालू नये. लाकडी खाचेत दुर्बीण ठेवून पट्ट्याने आवळण्याचे बैठे स्टँड करून द्यावे.

चंद्र पाहण्यासाठी स्टँड नेणाऱ्या गिऱ्हाइकाला एक सूचना न चुकता द्यावी. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नये. भिंगातून आलेले ऊन क्षणात डोळा कायमचा निकामी करू शकते.

भांडवल म्हणून पाव इंच-२० चा टॅप, ५.१ चे ड्रिल आणि उरलेल्या पाट्याचे तुकडे एवढे पुरे. पहिला नग गिऱ्हाइकाच्याच तिपाईवर, खाली हात धरून तपासावा आणि मगच हवाली करावा.