समुद्रावरची जागल

ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की नांदेड-लातूरकडच्या शिवारात जागल सुरू होते. माळ्यावरच्या माणसाजवळ गोफण असते, बॅटरी असते. पण पीक वाचतं ते तो रात्रभर तिथून हलत नाही म्हणून. रानडुकरांना घटकाभराची गैरहजेरी पुरते.

समुद्राच्या राखणीतही हेच कठीण आहे, शिवाय आलेली बोट कोणाची हे ओळखणंही. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईकडे आले, तेव्हा दुरून पाहणाऱ्याला ती इतर बोटींसारखीच एक बोट होती.

पाण्यापासून १६ मीटर उंच डेकवर उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम १४ किलोमीटरवर असतं. पुढचं सगळं पृथ्वीच्या गोलाईआड जातं. १० किलोमीटर उंचीवरून तेच क्षितिज साडेतीनशे किलोमीटरपलीकडे सरकतं. एवढ्या उंचीवर साधं टेहळणी विमानही जातं, पण आतली माणसं थकतात आणि काही तासांत त्याला परतावं लागतं. ‘सी गार्डियन’ हे मानवरहित विमान तीस तासांहून अधिक वेळ हवेत राहू शकतं. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत २४ मीटर, पण अरुंद. पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात आणि त्यांत इंधन वाया जातं. लांब, अरुंद पंखांमुळे हे नुकसान घटतं. वैमानिक जमिनीवर पाळी बदलतात, विमान घिरट्या घालतच राहतं.

आदेश ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्गे जायला पाव सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी पाव. त्यामुळे क्षणोक्षणीचा तोल विमानातला संगणकच सांभाळतो.

खरी कसरत रडारची. लाटाही रडारचे तरंग परतवतात. लाटेचा प्रतिध्वनी क्षणात बदलतो, होडीचा टिकतो. त्या फरकावरून होडी वेगळी काढायची. मोठी जहाजं आपली ओळख रेडिओवरून सांगत असतात. रडारवर दिसतो पण ओळख सांगत नाही, अशा ठिपक्याकडे कॅमेरा वळतो.

नौदलाने २०२० मध्ये अशी दोन विमानं भाडेतत्त्वावर घेतली. ती तमिळनाडूतल्या अरक्कोणमहून उडू लागली. तिथला बंगालचा उपसागर आपल्याला परका नाही: लातूरची मांजरा गोदावरीला मिळते आणि नांदेडच्या घाटावरून गेलेलं पाणी शेवटी तिथेच पोचतं. मार्च २०२४ मध्ये भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘रुएन’ या अपहृत जहाजावर नौदलाने मोहीम केली. युद्धनौका आणि कमांडोंबरोबर असंच मानवरहित विमानही होतं. चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले. चाच्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाड्याचं एक विमान बिघाडामुळे उपसागरात उतरवावं लागलं. आत माणूस नसल्याने जीव गेला नाही. पुढच्याच महिन्यात अशा ३१ विमानांचा करार झाला. त्यांतली १५ नौदलाची. ‘हर्मिस ९००’ या दुसऱ्या मानवरहित विमानावर आधारित ‘दृष्टी-१०’ तर आपल्या शेजारच्या हैदराबादेत तयार होतं.

लाटांच्या गर्दीतून होडी ओळखणारं गणित मांडायला किनाऱ्यावर राहावं लागत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि लातूरच्या शिकवणी वर्गांत बसलेल्या मुलामुलींनो, तरंगांचा धडा केवळ परीक्षेपुरता वाचू नका.